तिसऱ्या दिवशी गरम

“ताई, साहेबाले पाठवा ना. गाडीचं तुमाले काय समजनार?”

नंदू ठोसर हे बोलला तेव्हा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. आमच्या गाडीच्या बॉनेटवर बोटांनी ताल धरून तो रस्त्यापलीकडच्या कोणाला तरी हात करत होता.

“साहेब गाडीतच बसलेत,” मी म्हणाले. “त्यांना चालता येत नाही. जे सांगायचं ते मला सांगा.”

मग त्याने वाकून काचेतून आत पाहिलं. अरविंदने आतून हात हलवला. ठोसरचा चेहरा एकदम मऊ झाला. त्या मऊपणाचाच मला पहिल्यांदा राग यायला हवा होता, पण तेव्हा तो आला नाही.

“अरे अरे! पह्यलेच सांगा लागत होतं ना. दादाले अथी उन्हात नोका बसवू. समोर रसवंती हाय, पंखा हाय. तुमी दोघंबी तथी बसा, रस प्या. अर्ध्या घंट्यात गाडी थंडीगार करून देतो.”

मी डिकीतून चाकाची खुर्ची काढली, अरविंदला तिच्यात घेतलं आणि आम्ही समोर जाऊन बसलो. अर्ध्या तासाने खरंच गाडी थंडगार झाली. “गॅस खतम होता, भरला,” ठोसर म्हणाला. मी त्याचे आभार मानले. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

ही अकोल्याची गोष्ट, आणि एप्रिलची. अरविंद वीज कंपनीत लाइनमन होता. त्या एप्रिलच्या तीन वर्षं आधी खांबावरून पडला आणि छातीखालचं शरीर गेलं. हात शाबूत, डोकं शाबूत, विनोद करायची खोड तर पहिल्यापेक्षा जास्त. पण अशा माणसाची एक गोष्ट लोकांना माहीत नसते. त्याला छातीखाली घामच येत नाही. आपण तापलो की घामाने निवतो. तो तापला की तापतच जातो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “यांना उन्हात सापडू देऊ नका. बेशुद्ध व्हायला अर्धा तास पुरतो.”

तीन वर्षं अर्ज केल्यावर कंपनीने त्याला टेबलाचं काम दिलं. कुठे, तर बावीस किलोमीटरवरच्या धामणखेडच्या कार्यालयात. आणि अट काय, तर पहिले तीन महिने एकही खाडा न करता हजेरी लावून दाखवायची. खाडे झाले तर मेडिकल बोर्डापुढे उभं करून कायमचा अपात्र ठरवणार. ते तीन महिने कुठले? एप्रिल, मे आणि जून. अकोल्यात. ज्याने ते महिने निवडले त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा होती.

म्हणून मी पाटल्या मोडल्या, ए.सी.वाली जुनी गाडी घेतली आणि महिनाभरात चालवायला शिकले. घरी मी ब्लाउज शिवते. सकाळी नऊला अरविंदला घेऊन निघायचं, सोडून परत यायचं, मशीनवर बसायचं, चारला पुन्हा निघायचं. सगळा डाव एकाच गोष्टीवर होता. गाडी थंड राहिली पाहिजे.

ती दोन दिवस थंड राहिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा गरम.

गरम म्हणजे तरी कशी? घरून निघताना बरी असायची. सात-आठ किलोमीटर गेलं की वारा कोमट व्हायचा, मग गरम. समोरचा इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायचा. परतीच्या वेळी तर पहिल्या मिनिटापासून भट्टी. मी अरविंदच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकायचे, मांड्यांवर दुसरा. तो टॉवेलाखालून म्हणायचा, “करुणा, मी नवरा हाय का कलिंगड?”

घरी आम्ही तिघंच. तिसरे माझे सासरे, मामाजी. वय चौऱ्याहत्तर. त्यांनी चाळीस वर्षं वाळ्याच्या ताट्या केल्या. आता शहराकडच्या लोकांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. वाळ्याच्या सुगंधी मुळ्या कामट्यांच्या चौकटीत विणून, दाभणाने टाके घालून ताटी करतात. ती खिडकीला किंवा कूलरला लावायची, वर पाणी सोडायचं, की आत येणारा वारा गार होतो. कचेऱ्या, दवाखाने, वकिलांची घरं, अर्ध्या अकोल्याचा उन्हाळा मामाजींच्या ताट्यांनी निवला. मग कूलरमध्ये भरायचं तयार गवत आलं, मग घरोघरी ए.सी. आले आणि दुकान बंद झालं. तरी मामाजी अंगणात दाभण आणि सुतळी घेऊन बसलेलेच असायचे. त्यांच्या धोतराला, हातांना, उशीलासुद्धा वाळ्याचा वास. घरात सगळीकडेच तो असल्यामुळे मला तो येतच नसे.

माझं आणि मामाजींचं भांडण नव्हतं, पण बोलणंही फार नव्हतं. मी बोलायचे, ते ऐकायचे. मी फटकळ आहे, हे मला मान्य आहे. त्या एप्रिलात मी त्यांना दोनच गोष्टींवरून बोलत होते. एक, पाणी. नळाला सहा दिवसांनी पाणी यायचं. टाकी आणि पिंपं भरून ठेवायची आणि माणशी एक बादली मोजून द्यायची. अरविंदला दोन. हा हिशेब मी काटेकोर पाळायचे. आणि मामाजी रोज सकाळी आम्ही निघायच्या वेळी बादली घेऊन गाडीच्या तोंडावर पाणी मारत असायचे.

“मामाजी, प्याले पानी नाई अन् तुमी गाडी धुता?”

“गाडीचं तोंड धुतो, पोरी. लक्ष्मी हाय ते.”

“लक्ष्मीले फडक्यानं पुसा. बादलीभर पानी मातीत चाललं.”

ते मान हलवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली.

दुसरी गोष्ट मी बोलायला नको होती. पण बोलले. जेवायला बसलो होतो, पंखा माझ्याकडे फिरला आणि मी म्हणाले, “मामाजी, आंघोळ नीट करत जा. अंगाले वास येते.” अरविंदने माझ्याकडे पाहिलं. मामाजी म्हणाले, “हाव, पोरी,” आणि भाकरीचा घास ताकात बुडवला.

पुढच्या रविवारी मी पुन्हा ठोसरच्या दारात. या वेळी एकटी.

“काल-परवापर्यंत थंड होती. आता पुन्हा तेच. गॅस दोन दिवसांत संपतो का?”

“लिकेज असन. कूलिंग कॉइलचं असन. बसा तुमी तथी रसवंतीत.”

“मी इथेच उभी राहते.”

“ताई, चक्कर यीन तुमाले. मंग लोकं मले म्हनतीन. जा ना.”

मी गेले. रस प्यायले. पाऊण तासाने गाडी थंडगार, आणि बिल गॅसच्या दुप्पट. जाताना त्याने वर शिकवलं, “तुमी क्लचवर पाय ठेवून चालवता, त्याच्यानं ए.सी.वर लोड येते. बाईमानसाचं तसंच रायते.”

पायाची आग मस्तकात गेली. पण गाडी थंड होती, आणि मला तेवढंच हवं होतं. मी किल्ली फिरवली आणि निघाले.

दोन दिवस थंड. तिसऱ्या दिवशी गरम.

आता मला खात्री झाली की हा माणूस मुद्दाम अर्धवट काम करतो. मी दुसऱ्या दोन गॅरेजांत फोन केले. एकाने सांगितलं, मे संपेपर्यंत वेळ नाही. दुसऱ्याने विचारलं, “मिस्टर आहेत का घरी?” मी फोन ठेवला. तिसऱ्या खेपेला ठोसरने कॉम्प्रेसरच गेल्याचं जाहीर केलं. सहा ब्लाउजच्या शिलाईत भागणारं ते काम नव्हतं. मी नवं शिलाई मशीन घ्यायला ठेवलेले पैसे त्यात घातले.

“जुना कॉम्प्रेसर मला द्या,” मी म्हणाले.

“तो भंगारवाला घेऊन गेला.”

“पाऊण तासात?”

“अथीच रायते तो,” ठोसर हसला. “ताई, तुमी लय शंका घेता. गाडी थंडी झाली का नाई? सांगा. झाली ना?”

झाली होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. समोरून गार वारा येत होता आणि मी पैसे मोजत होते.

पुढच्या गुरुवारी, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, त्रेचाळीस-चव्वेचाळीस रोजचं झालं होतं, तेव्हा ती वेळ आलीच. मी अरविंदला घेऊन परत येत होते. ए.सी. गरम वारा ओकत होता, म्हणून बंद करून काचा खाली केल्या, तर बाहेरची झळ त्याहून वाईट. रेल्वे फाटक बंद. मालगाडी. पुढे ट्रक, मागे ट्रक. आणलेलं पाणी टॉवेलांवर संपलं होतं.

“अरविंद, बोला काहीतरी.”

“हं.”

“कलिंगड म्हना.”

तो काही म्हणाला नाही. चेहरा लालभडक, कपाळावर घाम आणि पोट मात्र तव्यासारखं कोरडं. मी गाडी तशीच वळवली, ट्रकच्या बाजूने खड्ड्यातून काढली आणि मागच्या शेतात पाण्याची मोटार चालू दिसली तिकडे नेली. शेतातल्या दोन बायांनी आणि मी मिळून त्याला खाली ओढला आणि मोटारीच्या पाइपाखाली धरला. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही. दहा मिनिटांनी त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, “घड्याळ काढाचं ना हातातलं. भिजलं.” तिथेच चिखलात बसून मी रडले.

शुक्रवारी तो अंथरुणातून उठू शकला नाही. पहिला खाडा. अकराला धामणखेडहून साहेबांचा फोन आला. साहेब सभ्य होते, सभ्य शब्दांत बोलले. “वहिनी, मी समजू शकतो. पण आणखी एक खाडा झाला तर मला वर कळवावंच लागेल. मग बोर्ड. मग माझ्या हातात नाही.”

शनिवारी सकाळी मी अरविंदला त्याच्या मित्राबरोबर रिक्षाने धामणखेडला पाठवलं, ओल्या चादरीत गुंडाळून, सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. आणि गाडी घेऊन थेट ठोसरकडे गेले. अंगणातून निघताना मामाजी बादली घेऊन आडवे आले होते. मी हॉर्न वाजवला. ते बाजूला झाले.

“पुन्हा?” ठोसर म्हणाला. “बसा तुमी रसवं—”

“नाही बसणार.”

“ताई, ऊन—”

“असू दे ऊन. आज मी इथेच, बॉनेटपाशी उभी राहणार. तुम्ही काय करता ते मला बघायचंय.”

त्याने चहा मागवला. मी घेतला नाही. त्याने दुसऱ्या गाडीचं चाक काढलं, पुन्हा लावलं. एक लांबलचक फोन केला. तिथे आणखी दोन गाडीवाले बसले होते, त्यांना माझ्याकडे बघून डोळा मारला. दहा वाजले. उन्हाने माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पण मी हलले नाही. शेवटी त्याने बॉनेट उघडलं, माझ्याकडे पाठ केली आणि रुंद होऊन उभा राहिला. मी बाजूने गेले आणि त्याच्या कोपरापाशी जाऊन उभी राहिले.

त्याने हात सरळ आत घातला, पुढची काळी जाळी आणि तिच्यामागची पातळ पत्र्यांची चौकट, तिला ते कंडेन्सर म्हणतात, त्या दोहोंच्या मधे. शोधावं लागलं नाही. कुठे काय आहे ते हाताला पाठ होतं. एका झटक्यात त्याने काहीतरी ओढून काढलं आणि न बघता मागे फेकलं.

मी वळून पाहिलं. भिंतीशी जुने टायर पडले होते. त्यांच्यावर, हातभर लांब, वीतभर रुंद, धुळीने माखलेली वाळ्याची ताटी. ती चौथी होती. तिच्याखाली तशाच आणखी तीन.

मी जाऊन एक उचलली. कडेला दुहेरी टाका, प्रत्येक चौथ्या टाक्याला गाठ. असा टाका अकोल्यात एकच माणूस घालायचा. लग्न होऊन आले तेव्हा त्यानेच मला दाभण धरायला शिकवलं होतं.

मागून गार वाऱ्याचा आवाज आला. ठोसरने ए.सी. लावून पाहिला होता. थंडगार.

“हे काय आहे?”

“कचरा,” ठोसर म्हणाला.

“हा कचरा माझ्या गाडीत प्रत्येक वेळी होता?”

त्याने फडक्याला हात पुसले.

“याच्यामुळे गाडी गरम होत होती?”

“आता तुमीच सांगा,” तो एकदम बसलेल्या दोघांकडे वळून म्हणाला, “कंडेन्सरले वारा पायजे. त्याच्यासमोर असं गवत ठोसलं, तर वारा जाईन कोठून? ओलं असते तवरक चालते. वाळलं, धूळ बसली का दार बंद. गाडीचा जीव गुदमरते!”

“मग मला पहिल्या दिवशी काहून नाही सांगितलं?” मी बाहेर शुद्ध बोलते. राग आला की घरची भाषा तोंडात येते. “काहून नाही सांगितलं तुमी? मले रसवंतीत पाठवलं, अन् हे काढून फेकलं, अन् गॅस भरला म्हनून पैसे घेतले? कॉम्प्रेसर बदलला म्हनता? माहा नवरा परवा मरत होता फाटकावर!”

“आवाज नोका करू. तुमाले गाडी थंडी पायजे होती, म्या थंडी करून देली. ताटी म्या ठोसली काय? तुमच्याच घरचं कोनी तरी ठोसते. पह्यले घरच्याले विचारा ना. घरचं भांडन अथी कायले आनता?”

बसलेल्यांपैकी एक जण हसला. आणि खरं सांगते, त्या नीच माणसाच्या बोलण्यातली तेवढी एक गोष्ट खरी होती. मी चारही ताट्या उचलल्या, मागच्या सीटवर टाकल्या आणि निघाले. आज सगळ्यांचा सोक्षमोक्ष लावायचा होता.

मामाजी अंगणात लिंबाखाली बसले होते. मांडीवर पाचवी ताटी, अर्धी झालेली. मी गाडीतून उतरले आणि चारही त्यांच्यापुढे आपटल्या.

त्यांनी एकेक उचलून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला.

“सापडल्या? मले वाटे, रस्त्यानं पडतेत. चार दिवस झाले का गायब. नवी विनाले दोन दिवस लागत. आता या खेपेले तारच घेतली, पक्की बांधतो म्हनलं.”

“मामाजी!” मी किंचाळले. शेजारची बाई गच्चीवर आली. “हे तुमी लावत होते? याच्यानं गाडी गरम होते! वारा अडते! ते गुरुवारी मरत होते याच्यानं, समजते का तुमाले? तुमच्या पोराले तुमीच मारत होते!”

ते हातातली ताटी उलटसुलट करून बघू लागले. मग विचारलं, “सकायी तर थंडी असे ना? मी हात लावून पाहात होतो. थंडी असे.”

“पानी असे तवरक! वाळली का सगळं बंद!”

“मंग पानी कमी पडलं,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “एक बादली पुरली नाई. मी म्हनत होतो, बावीस किलोमीटर हाय, दोन लागतीन. पन मायाजवळ एकच होती ना.”

मी आणखी ओरडायला तोंड उघडलं होतं.

एकच होती. माणशी एक बादली, मीच मोजून देत होते. रोज सकाळी गाडीच्या तोंडावर जी पडत होती ती त्यांची आंघोळीची बादली होती. महिना झाला होता. आणि मी जेवणाच्या पानावर त्यांना म्हणाले होते, अंगाले वास येते.

मग मला दुसरंही आठवलं, जे मी विसरून गेले होते. गाडी आणली त्या आठवड्यात त्यांनी मला एकदा विचारलं होतं, “पोरी, गाडीले ताटी बसवून देऊ काय? कूलरसारखी?” मी मशीनवर होते, घाईत होते. मी म्हणाले होते, “मामाजी, गाडी हाय ते, कूलर नाई. तुमी नोका लुडबूड करू.” बॉनेट उघडायलाही त्यांना मीच शिकवलं होतं, काचेचं पाणी भरण्यासाठी.

“तुमी मले सांगाचं तरी,” मी म्हणाले.

“तू नाई म्हनली होती,” ते म्हणाले. “पन अर्ध्या गावाले म्या थंडं केलं. मायाच पोराले नाई करता येत, हे मले पटे ना.”

त्यांनी पाचव्या ताटीतलं दाभण काढलं, धोतराला पुसलं आणि डबीत ठेवलं. मग विचारलं, “तुले कोनं दाखवल्या या?”

मी सगळं सांगितलं. रसवंती, गॅस, कॉइल, कॉम्प्रेसर, टायरांवरचा ढीग. मामाजी ऐकत होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या.

“त्यानं पह्यल्या दिवशी पायली होती ताटी?”

“हो.”

“अन् तुले सांगतलं नाई?”

“नाही.”

“चाल,” ते उठले. “गाडी काढ.”

ते त्या गाडीत पहिल्यांदाच बसले. मांडीवर चारही ताट्या. ठोसर आम्हाला बघून उभा राहिला. ते दोघे गाडीवाले अजून तिथेच होते. मामाजींनी ताट्या त्याच्या टेबलावर, बिलबुकाच्या वर, एकेक करून मांडल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

“या मी लावल्या. चूक मायी. मी अडाणी, मले गाडी समजत नाई. तुले समजते?”

ठोसर म्हणाला, “बावाजी, तुमी—”

“तुले समजते का नाई, एवढं सांग.”

“समजते.”

“मंग ऐक. चाळीस वर्षं मी ताट्या इकल्या. गिऱ्हाईक ये, म्हने ताटी द्या. मी पह्यले त्याच्या घरी जाऊन खिडकी पाहे. ज्या खिडकीतून वाराच येत नाई त्याले म्हनो, बावा, तुले ताटी कामाची नाई, पैसे नोको घालवू. घरी पोरं उपाशी असली तरी म्हनो. ज्याले समजते त्यानं अडाण्याले सांगाचं असते. त्यालेच धंदा म्हनतेत. तू मायी चूक रोज काढून फेकली अन् रोज इकली. माया पोराच्या जिवावर इकली.”

ठोसर खाली बघत होता. मघाशी हसलेला माणूस आता हसत नव्हता. तो म्हणाला, “नंदू, देऊन टाक रे त्यांचे पैसे,” आणि आपल्या गाडीची चावी टेबलावरून उचलून खिशात घातली. मला वाटतं, मामाजींच्या बोलण्यापेक्षा ती चावी ठोसरला जास्त समजली. पैसे परत आले. नसते आले तर मी काय केलं असतं हे मला माहीत आहे, आणि ते छापण्यासारखं नाही.

त्यानंतर अरविंदचा एकही खाडा झाला नाही. तीस जूनला साहेबांनी सही केली. आता तो धामणखेडलाच हेडक्लार्क आहे, गाडी दुसरी आहे, आणि मामाजींना जाऊन नऊ वर्षं झाली. ठोसरचं गॅरेज मात्र अजून चालतं. तिथून जाताना आजही माझे दात एकमेकांवर घासतात.

पण त्या शनिवारी घरी परतताना ए.सी. चालू होता. मामाजींनी तळहात वाऱ्यापुढे धरला होता. मग म्हणाले, “थंडं हाय. पन वास नाई येत.”

घरी आल्यावर मी पिंपावरचं झाकण काढलं. एक बादली काठोकाठ भरली, मग दुसरी भरली आणि दोन्ही न्हाणीत नेऊन ठेवल्या. साबण ठेवला. त्यांचं धुतलेलं धोतर खुंटीला टांगलं.

“मामाजी, आंघोळीले जा.”

“दोन कायले, पोरी? नळ तर मंगळवारी—”

“दोन्ही अंगावर घ्या,” मी ओरडले. “यातला एक तांब्या जरी बाहेर आणला ना, तर पाहा मंग!”

ते आत गेले. त्यांनी दाराला कडी लावली. मी कमरेवर हात ठेवून दाराबाहेर उभी राहिले, आणि दुसऱ्या बादलीचा तळ खरवडल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत तिथून हलले नाही.